हरलेला डाव कसा सोडायचा, हे मुलांना कोण शिकवणार?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डी. गुकेशने डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापुरात जगज्जेतेपद मिळवले, आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. या दोन्ही वेळी आपल्या दैनिकाने बुद्धिबळाला क्रीडापानाच्या तळातून उचलून पहिल्या पानावर आणले, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी गेली बावीस वर्षे कराडमध्ये शाळकरी मुलांना हा खेळ शिकवतो. अशी प्रत्येक मोठी बातमी आली की पुढचे काही आठवडे माझ्याकडे नव्या मुलांची रीघ लागते. पूर्वी अशा मुलांना घोड्याची अडीच घरे शिकवण्यापासून सुरुवात करावी लागे. आता येणाऱ्या मुलांना चाली येतात, चार-दोन प्रारंभपद्धतींची नावे पाठ असतात, आणि मोबाइलवर शेकडो डाव खेळूनही झालेले असतात. मात्र त्यांतील कित्येकांनी समोर माणूस बसवून एकही पूर्ण डाव खेळलेला नसतो. हे पत्र त्या मोबाइलवरच्या खेळाविषयी आहे, आणि चालींपेक्षा त्या खेळातील वागणुकीविषयी आहे.

गेल्या पावसाळ्यात एका ऑनलाइन आंतरशालेय स्पर्धेत माझी दहा वर्षांची एक विद्यार्थिनी खेळत होती. डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे होते. दुसऱ्या फेरीत तिने प्रतिस्पर्ध्याचा वजीर मारला, त्याच्या राजाला कोपऱ्यात गाठले, आणि आता त्याने कोणतीही चाल केली तरी पुढच्या चालीला मात होणार होती. त्या मुलाच्या घड्याळात अकरा मिनिटे शिल्लक होती. त्याने चाल केली नाही, आणि डावही सोडला नाही. अकरा मिनिटे पडद्यावरची सेकंदे उतरत राहिली आणि माझी विद्यार्थिनी त्यांच्याकडे पाहत बसली. पाणी पिऊन ये असे मी तिला दोनदा सांगितले, पण आपण उठलो आणि तेवढ्यात त्याने चाल केली तर काय, या भीतीने ती जागची हलली नाही. शेवटी वेळ संपली, तिच्या नावावर एक गुण जमा झाला, पण तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. यानंतर जे घडले त्यामुळे मी हे पत्र लिहायला बसलो. चौथ्या फेरीत तिचा स्वतःचा डाव हाताबाहेर गेला, तेव्हा तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नऊ मिनिटे ती स्वस्थ बसून राहिली. मी विचारल्यावर तिने अगदी निरागसपणे सांगितले, ‘सर, असं चालतं ना? मघाशी त्यानं केलं, त्याला कुणी काही म्हणालं नाही.’

तिचे म्हणणे खरे होते. मी संयोजकांना दूरध्वनी करून विचारले, तेव्हा प्रत्येकाला आपल्या घड्याळातील वेळ हवी तशी वापरण्याचा अधिकार आहे आणि हे नियमात बसते, असे उत्तर मिळाले. वेळेच्या नियमापुरते पाहिले तर त्यांचेही चुकले नव्हते. परंतु जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांत खेळाची अप्रतिष्ठा होईल असे कोणतेही कृत्य खेळाडूने करू नये आणि प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये, असेही स्पष्ट लिहिले आहे. ते कलम मुलांना वाचून दाखवण्याची गरज मला बावीस वर्षांत कधी पडली नव्हती, कारण पटावर समोर बसलेला माणूसच ते काम करत असे. ज्याचा डाव हरला आहे त्याने अकरा मिनिटे समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नुसते बसून राहणे फार अवघड असते. शेजारच्या पटावरचे लोक पाहतात, पंच येऊन मागे उभे राहतात, आणि मूल आपोआप हात पुढे करते. मोबाइलवर हे सारे नाहीसे होते. तिथे समोर एक टोपणनाव, एक ध्वज आणि गुणांकनाचा एक आकडा असतो, आणि त्या आकड्याला पाणी प्यायचे असेल किंवा त्याला रडू येत असेल, असे दहा वर्षांच्या मुलाच्या मनात येत नाही.

या प्रकाराला प्रतिबंध करण्याचा प्रयत्न बुद्धिबळाच्या संकेतस्थळांनी केलेला आहे, हे नमूद करणे योग्य ठरेल. चेस डॉट कॉमने डिसेंबर २०२२ मध्ये दहा कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडला, आणि लिचेस हे संकेतस्थळ देणग्यांवर, जाहिरातींविना आणि पूर्णपणे मोफत चालते. या दोन्ही ठिकाणी हरलेल्या डावात मुद्दाम वेळ काढणाऱ्या किंवा डाव अर्धवट टाकून निघून जाणाऱ्या खेळाडूला आधी ताकीद मिळते आणि सवय सुटली नाही तर काही काळ खेळता येत नाही. पण ही शिक्षा एका यंत्राने दुसऱ्या टोपणनावाला दिलेली असते. मुलाला एवढेच कळते की पंधरा मिनिटे खेळ बंद झाला. ज्या मुलीला त्याने ताटकळत ठेवले तिचा आणि या पंधरा मिनिटांचा संबंध त्याला कोणी जोडून दाखवत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. हरत आलेला डाव खेळत राहणे म्हणजे अखिलाडूपणा, असे मी मुळीच मानत नाही. उलट नवशिक्या मुलांना मी डाव सोडूच देत नाही. मात होईपर्यंत खेळा, असे त्यांना सांगतो, कारण समोरचाही मूलच असते, त्याच्याकडून जिच (शह नसताना चालच न उरून होणारी बरोबरी) होऊ शकते, आणि एकाकी राजाला दोन हत्तींनी कसे कोंडतात हे ज्याला कोंडले जाते तोही शिकत असतो. त्याचप्रमाणे प्रतिस्पर्ध्याकडे दोन सेकंद उरलेली असताना आपण भराभर चाली करून वेळेवर डाव जिंकला, तर त्यात गैर काही नाही. घड्याळ हा खेळाचाच भाग आहे आणि ज्याने सुरुवातीला विचारात वेळ घालवला त्याने त्याची किंमत मोजायची असते. ‘तू वेळेवर जिंकलास, खरा डाव माझाच होता’ अशी कुरकूर करणारे मोठे लोकही मी पाहिले आहेत, आणि मला ती कुरकूरच अखिलाडूपणाची वाटते. परतीचा डाव नाकारणे हाही अपराध नाही, कोणाला झोपायचे असते, कोणाला अभ्यास असतो. माझी तक्रार फक्त तिथे आहे, जिथे खेळाडू खेळायचे थांबवतो आणि समोरच्याला शिक्षा करू लागतो. चाल करत राहणारा अजून खेळात असतो. जो अकरा मिनिटे नुसता बसून राहतो, तो खेळातून उठलेला असतो आणि जाताना दाराला बाहेरून कडी घालून गेलेला असतो.

जुन्या देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, सर्वांत मानाची समजत. कोण जिंकले एवढे पुरेसे नसे, कसे जिंकले हेही मोजले जाई. माझे आजोबा देवळाच्या ओट्यावर खेळत, आणि वजिराने सहज मात होत असतानाही प्याद्यासाठी चार चाली थांबत. आज गुणतक्त्यात प्यादेमातीला वेगळा रकाना नाही आणि तो असावा असे माझे म्हणणेही नाही. परंतु कसे जिंकलो याचा विचार आपल्याकडे होता, आणि त्याच्या जोडीला कसे हरलो याचाही होता, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

डाव सोडणे या एकाच कृतीचे किती अर्थ होऊ शकतात, हे मुलांना समजावण्यासाठी मी त्यांना नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनचे, तो जगज्जेता असतानाचे, दोन प्रसंग सांगतो. २०२० मध्ये, साथीच्या काळात सर्व मोठ्या स्पर्धा घरबसल्या होत असताना, चीनच्या डिंग लिरेनविरुद्धच्या सामन्यात डिंगचा इंटरनेट संपर्क मध्येच तुटला आणि बरोबरीकडे झुकलेला त्याचा डाव वेळ संपून गेला. नियमाप्रमाणे तो गुण कार्लसनचा होता. कार्लसनने पुढच्या डावात चौथ्याच चालीला आपला वजीर मुद्दाम देऊन टाकला आणि डाव सोडला. दुसरा प्रसंग सप्टेंबर २०२२ मधील आहे. सेंट लुईस येथील सिंकफील्ड चषकात अमेरिकन ग्रँडमास्टर हान्स नीमनकडून हरल्यावर कार्लसनने स्पर्धाच सोडली, आणि दोन आठवड्यांनी एका ऑनलाइन स्पर्धेत त्याच नीमनसमोर एक चाल करून, एक शब्दही न बोलता, डाव सोडला. नीमन लबाडी करतो, असा कार्लसनचा संशय होता. नीमनने बारा आणि सोळाव्या वर्षी ऑनलाइन डावांत यंत्राची मदत घेतल्याचे स्वतः कबूल केले होते, आणि त्याने शंभरांहून अधिक ऑनलाइन डावांत बहुधा अशी मदत घेतली असावी, असे चेस डॉट कॉमने ऑक्टोबर २०२२ मधील बहात्तर पानी अहवालात म्हटले. तथापि सेंट लुईसला प्रत्यक्ष पटावर त्याने लबाडी केल्याचे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. पुढे फिडेने सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसनला दहा हजार युरोंचा दंड केला.

एकाच खेळाडूने दोन वर्षांच्या अंतराने दोनदा डाव सोडला. पहिल्यांदा त्याने आपल्याला फुकट मिळालेला गुण परत केला, आणि दुसऱ्यांदा पुरावा हाती नसताना जगासमोर एका एकोणीस वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवले. कार्लसनच्या बुद्धीविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, म्हणूनच मी स्पष्ट लिहितो की दुसऱ्या प्रसंगातील त्याचे वागणे मला चुकीचे वाटते. संशय होता तर तो पंचांकडे लेखी नोंदवण्याचा मार्ग त्याला खुला होता, आणि जगज्जेत्याच्या तक्रारीकडे कोणी दुर्लक्ष केले नसते.

संशयाचा हा रोग आता आमच्या वर्गापर्यंत पोहोचला आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्याहून बराच वरचढ असलेल्या एका अनोळखी खेळाडूला हरवले, तेव्हा डाव संपताक्षणी संवादचौकटीत त्याच्यासाठी ‘चीटर’ हा शब्द आणि त्यापुढे मी येथे लिहू शकत नाही असे शब्द उमटले. तो मुलगा आठवीत आहे. आयुष्यातील सर्वांत चांगल्या डावाचे बक्षीस म्हणून त्याला शिवी मिळाली. त्यानंतर महिनाभर तो जिंकत आलेल्या डावात बिचकू लागला. फार चांगली चाल सापडली की तो क्षणभर थांबे आणि दुसरी, जरा साधी चाल करे. मी कारण विचारले तेव्हा त्याने सांगितले नाही, त्याच्या आईने सांगितले.

या दोषातून मी स्वतःही सुटलेलो नाही. चार वर्षांपूर्वी एका रात्री एका परदेशी खेळाडूशी लागोपाठ तीन डाव हरल्यावर मी त्याला लेखी विचारले की तो दुसऱ्या पडद्यावर इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, लावून बसला आहे काय, आणि उत्तराची वाट न पाहता त्याच्याविरुद्ध तक्रारही नोंदवली. दुसऱ्या दिवशी शांतपणे ते तीनही डाव तपासले. पहिल्या डावात त्याच्या हातून दोन चालींची मात निसटली होती, जी कोणत्याही इंजिनाच्या नजरेतून निसटली नसती. दुसऱ्यात मी माझा हत्ती विनाआधार सोडला होता. तिसऱ्यात तर मी जिंकत होतो आणि थकव्याने चुकीचे घर दाबले होते. क्षमा मागावी म्हणून त्याला लिहायला गेलो, तेव्हा त्याने माझे संदेश घेणे कायमचे बंद केल्याचे दिसले. ती क्षमा माझ्याकडे अजून तशीच पडून आहे.

हे सारे क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी ऑक्टोबर २०२५ ची आठवण करून देतो. अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की त्या महिन्यात वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी गेला. आमची मुले त्याला शिक्षक म्हणून ओळखत होती, कारण प्रत्येक चालीमागचा विचार मोठ्याने बोलत डाव खेळण्याची त्याची पद्धत इतकी स्वच्छ होती की इंग्रजी अर्धवट समजणाऱ्या मुलालाही डावाच्या अखेरीस उरलेले हत्ती कसे खेळवायचे ते त्याच्याकडून शिकता येई. माजी जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक याने त्याच्या ऑनलाइन खेळावर दीर्घकाळ जाहीरपणे संशय घेतला होता. नारोडित्स्कीने तो साफ नाकारला होता, लबाडी कधीही सिद्ध झाली नव्हती, आणि आपल्या शेवटच्या थेट ऑनलाइन प्रक्षेपणात या आरोपांचा आपल्यावर काय परिणाम झाला हे त्याने बोलून दाखवले होते. त्याच्या मृत्यूचा आणि या आरोपांचा थेट संबंध जोडण्याचा अधिकार मला नाही आणि मी तो जोडत नाही. फिडेने हे प्रकरण आपल्या नीतिविषयक आयोगाकडे नेले आहे. मी एवढेच म्हणतो की ज्या माणसाने हजारो मुलांना खेळ शिकवला त्याला आपले शेवटचे वर्ष आपण प्रामाणिक आहोत हे सांगण्यात घालवावे लागले.

याचा अर्थ ऑनलाइन बुद्धिबळात लबाडी नाही असा नव्हे. ती आहे, आणि तिचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. आज मोबाइलवर मोफत मिळणारे स्टॉकफिशसारखे इंजिन कोणत्याही मानवी जगज्जेत्याहून बलाढ्य आहे. २०२० मध्ये प्रो चेस लीग या ऑनलाइन सांघिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर ग्रँडमास्टर टिग्रान पेट्रोसियन याने नियमभंग केल्याचा निर्णय झाला, त्याच्यावर आजन्म बंदी आली आणि विजेत्या आर्मेनियन संघाचे विजेतेपद काढून घेण्यात आले. आपल्याकडील प्रसंग तर सर्वांच्या स्मरणात असेल. जून २०२१ मध्ये करोना मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद अनेक नामवंतांशी एकाच वेळी खेळले, आणि त्यांतील उद्योजक निखिल कामत यांनी त्यांना हरवले. दुसऱ्याच दिवशी आपण डावाचे विश्लेषण करणाऱ्या लोकांची आणि संगणकाची मदत घेतल्याचे सांगून कामत यांनी जाहीर क्षमा मागितली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आनंद यांनी थोडक्यात उत्तर दिले: आपण पटावर जी स्थिती होती ती खेळलो आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा होती. मला खटकली ती त्यानंतर समाजमाध्यमांवर उमटलेली प्रतिक्रिया. पैसा चांगल्या कामाला गेला ना, मग गंमत म्हणून सोडून द्या, असे शेकडो सुशिक्षित लोकांनी लिहिले. गंमत दोघांच्या संमतीने होते. आनंद यांना कोणी विचारले नव्हते.

हीच ‘गंमत’ मला पालकांत दिसते. काही वर्षांपूर्वी आठ वर्षांच्या एका मुलाचे ऑनलाइन गुणांकन तीन आठवड्यांत तीनशेने वाढले. तो वर्गात पटावर खेळताना मात्र साध्या दोन चालींच्या युक्त्या त्याला दिसत नव्हत्या. चौकशीअंती कळले की संध्याकाळी वडील शेजारी बसून आपल्या मोबाइलवर चाल पाहत आणि हळूच सांगत. मुलाचा आत्मविश्वास वाढावा एवढाच आपला हेतू होता, असे त्यांनी मला सांगितले, आणि त्यांचा हेतू खरोखर तेवढाच असावा. पुढे जिल्हा पातळीवरच्या प्रत्यक्ष स्पर्धेत तो मुलगा सातही डाव हरला. त्यानंतर तो वर्गाला आला नाही. त्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. ती त्याच्या हातून करवून घेतली गेली, आणि तिची भरपाई त्याने एकट्याने केली.

आता संपर्क तुटण्याचा प्रश्न. ऑगस्ट २०२० मध्ये फिडेच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये भारत आणि रशिया संयुक्त विजेते ठरले, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता, गोव्याची भक्ती कुलकर्णी त्या संघात होती, आणि अंतिम सामन्याच्या दुसऱ्या लढतीत निहाल सरिन व दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटून त्यांचे डाव वेळेवर गेले होते. त्या वेळी इंटरनेटच्या एका मोठ्या यंत्रणेत जगभर बिघाड झाला होता. भारताने दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी, स्वतः रशियन असूनही, दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. हा निर्णय मला योग्य वाटतो. परंतु याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध खेळताना आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचा संपर्क तुटला होता, त्यांची दाद फेटाळली गेली होती आणि आर्मेनियाने निषेध म्हणून स्पर्धा सोडली होती. दोन्ही घटनांतील तांत्रिक परिस्थिती वेगळी होती, हे मान्य करूनही मी मुलांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो. आपला संपर्क तुटला की तो अपघात आणि दुसऱ्याचा तुटला की तो पळपुटेपणा, असे मानण्याची सवय आठ वर्षांच्या मुलालाही चटकन लागते.

मग करायचे काय? राज्यात ऑनलाइन शालेय स्पर्धा घेणाऱ्या संयोजकांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढील गोष्टी स्पर्धेच्या पत्रकातच लिहाव्यात. हरलेल्या डावात मुद्दाम वेळ काढत बसलेल्या मुलाशी पंचांनी डाव चालू असतानाच बोलावे. शिक्षा करण्याची घाई नको. ‘तुझी चाल आहे, खेळायचे असेल तर खेळ, नसेल तर डाव सोड’ एवढे एका मोठ्या माणसाने आवाजात सांगितले की बहुतेक मुले शहाण्यासारखी वागतात, हा माझा अनुभव आहे. लबाडीचा संशय आल्यास तो फक्त पंचांकडे नोंदवावा आणि प्रतिस्पर्ध्याला किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर एक अक्षरही लिहू नये. चालींचा इंजिनाशी किती मेळ बसतो, अवघड आणि सोप्या चालींना सारखाच वेळ लागला काय, हे तपासण्याची साधने संकेतस्थळांकडे आहेत आणि ते काम पालकांचे नाही. संपर्क तुटल्यास काय होईल, हे पहिल्या फेरीच्या आधी ठरावे आणि नंतर कोणासाठीही बदलू नये. शक्य असेल तिथे डावाच्या आधी आणि नंतर मिनिटभर दोघांचे कॅमेरे सुरू ठेवून मुलांना एकमेकांचे चेहरे दिसू द्यावेत. या शेवटच्या सूचनेला खर्च काही नाही, थोडा वेळ लागतो इतकेच.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. जिल्हा व शालेय स्पर्धांच्या निकालांत आपण विजेत्यांची नावे आणि गुण छापता. अधूनमधून, एखाद्या मुलाने चांगल्या रीतीने हरल्याची बातमीही छापावी. सिंगापुरात पराभूत झालेला डिंग लिरेन उठून गेला, त्यानंतर नवा जगज्जेता गुकेशने अश्रू आवरत पटावरच्या सोंगट्या एकेक करून पुन्हा जागेवर मांडल्या, ते दृश्य माझ्या वर्गातील प्रत्येक मुलाला पाठ आहे. त्या लढतीतील एकही चाल आठवत नाही अशा मुलालाही ते आठवते. मोबाइलवर डाव संपला की सोंगट्या आपोआप जागेवर जातात, मांडाव्या लागत नाहीत.

आमच्या वर्गापुरता बदल आम्ही केला आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत घ्यायच्या ऑनलाइन स्पर्धेत हरलेल्या मुलाने डाव सोडताना कॅमेऱ्यासमोर प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन ‘चांगला खेळलास’ किंवा ‘चांगली खेळलीस’ असे म्हणायचे आहे, आणि जिंकलेल्याने त्या डावातील समोरच्याची एक चांगली चाल शोधून सांगायची आहे. पालकांनी डाव चालू असताना खोलीबाहेर बसायचे आहे. हे पत्रक वाटल्यावर दोन पालकांनी आपल्या मुलांची नावे मागे घेतली. पत्राच्या सुरुवातीला जिचा उल्लेख केला ती विद्यार्थिनी मात्र खेळणार आहे, आणि चौथ्या फेरीत जिला तिने नऊ मिनिटे ताटकळत ठेवले होते त्या मुलीलाही आमच्या स्पर्धेचे निमंत्रण पाठवा, असे तिने मला सांगितले आहे. निमंत्रण पाठवले असून उत्तराची वाट पाहत आहोत.

आपला नम्र,
एक बुद्धिबळ शिक्षक,
कराड (जि. सातारा)